आडनावावर जाऊ नका: जुन्या अमेरिकन डॉक्टरची वंशावळ कशी शोधायची

बॉस्टनचा डॉ. जोसेफ वॉरन अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात १७ जून १७७५ रोजी बंकर हिलच्या लढाईत मारला गेला. अमेरिकेत त्याच्या नावाची गावं आहेत, काउंट्या (आपल्या जिल्ह्यांसारखे विभाग) आहेत, आणि आपण त्याचेच वंशज आहोत असं मानणारी वॉरन आडनावाची कुटुंबंही आहेत. आता गंमत बघा. जोसेफला चार मुलं. दोघे मुलगे ऐन तारुण्यात गेले, त्यांच्यामागे मूलबाळ नव्हतं. थोरली मुलगी एलिझाबेथ, तिलाही अपत्य नाही. वंश चालला तो मेरीचा, आणि तिचं सासरचं आडनाव न्यूकोम्ब. म्हणजे या डॉक्टरचे थेट वंशज हवे असतील तर वॉरन सोडून न्यूकोम्ब चाळावे लागतात. बॉस्टनला पिढ्यान्‌पिढ्या सर्जन देणारं प्रसिद्ध वॉरन घराणं आहे, पण ते जोसेफचं नव्हे. त्याचा धाकटा भाऊ जॉन, त्याचं.

अठराव्या-एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकन डॉक्टरचा शोध घेताना हा घोटाळा पदोपदी होतो, म्हणून हा लेख याच घराण्याला धरून लिहितो आहे. पद्धत मात्र कुठल्याही डॉक्टरला लागू पडेल: अमेरिकेतल्या तुमच्या सुनेच्या वा जावयाच्या खापरपणजोबाला, किंवा अहमदनगरला आलेल्या एखाद्या मिशनरी डॉक्टरच्या आजोबाला.

आधी ठरवा: वर जायचंय की खाली?

पूर्वज शोधणं आणि वंशज शोधणं ही दोन वेगळी कामं आहेत आणि त्यांचे कागदही वेगळे. दोन्ही एकदम हाती घेतलं की आठवड्याभरात नावांचा गुंता होतो. एकच दिशा धरा आणि एका पानावर कालपट मांडा. रकाने चार पुरतात: साल, गाव, त्या साली ते गाव कुठल्या काउंटीत होतं, आणि ही माहिती कुठल्या कागदावरून घेतली.

तिसरा रकाना फालतू वाटतो. पण वॉरन कुटुंब मूळचं बॉस्टनशेजारच्या रॉक्सबरीचं. रॉक्सबरी आधी सफक काउंटीत. १७९३ मध्ये नॉरफोक काउंटी निघाली, गाव तिच्यात गेलं. १८६८ मध्ये ते बॉस्टन शहरात सामील झालं आणि परत सफकमध्ये आलं. त्यामुळे रॉक्सबरीत १७५५ साली वारलेल्या माणसाचे वारसाहक्काचे कागद सफककडे, आणि १८२० साली वारलेल्याचे नॉरफोककडे, म्हणजे डेडमला. घर तेच, गल्ली तीच, कचेरी वेगळी. 'रेकॉर्ड सापडत नाही' अशी तक्रार ऐकली की मी पहिल्यांदा काउंटीचं साल विचारतो.

वंशज शोधत असाल तर जनगणनेची एक खूणगाठ बांधा. १७९० ते १८४० पर्यंतच्या जनगणनांत फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव आहे, बाकीची माणसं वयोगटांच्या रकान्यांत नुसत्या आकड्यांनी दाखवली आहेत. घरातल्या गुलाम नसलेल्या प्रत्येक व्यक्तीचं नाव, वय आणि जन्मस्थळ १८५० पासून मिळतं. कुटुंबप्रमुखाशी नातं काय, हे १८८० पासून. १८९० ची जनगणना आगीमुळे जवळजवळ संपूर्ण गेली. तिथली वीस वर्षांची खिंड शहरांच्या डिरेक्टऱ्या आणि वर्तमानपत्रं यांनीच भरून काढावी लागते.

'डॉक्टर' म्हणजे पदवीधर असं धरून चालू नका

१७६५ पूर्वी अमेरिकन वसाहतींत वैद्यकीय महाविद्यालय नव्हतंच. पहिलं फिलाडेल्फियाला त्या वर्षी सुरू झालं, मग न्यूयॉर्कला किंग्ज कॉलेजात १७६७ मध्ये, आणि हार्वर्डमध्ये १७८२ मध्ये. हार्वर्डचं उभारणारा आपला जॉन वॉरनच. मग डॉक्टर घडत कसे? शागीर्दी करून. मुलगा एखाद्या डॉक्टरच्या घरी राहायचा, खलबत्त्यात औषधं कुटायचा, घोड्यावरून त्याच्यासोबत रुग्ण बघायला जायचा. जोसेफ १७५९ साली हार्वर्डचा पदवीधर झाला, पण वैद्यक शिकला डॉ. जेम्स लॉइडकडे. जॉन शिकला जोसेफकडे.

म्हणून पदवीदान समारंभांच्या याद्यांत तुमचा डॉक्टर सापडला नाही तर तो भोंदू ठरत नाही. त्याचा गुरू कोण होता ते शोधा, कारण त्या गुरूच्या घरच्या कागदांत शागिर्दाचं गाव, बाप, कधीकधी लग्नही सापडतं.

ज्यांच्या घरी पैसा होता ते एडिंबराला जात. तिथले प्रबंध लॅटिनमध्ये असत आणि मुखपृष्ठावर नावापुढे 'व्हर्जिनियाचा', 'पेनसिल्व्हेनियाचा' अशी प्रांताची ओळख छापलेली असे. अर्पणपत्रिकाही वाचा. तिथे बापाचं, मामाचं, आश्रयदात्याचं नाव असू शकतं. हार्वर्डची एक खुबी: १७७० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत तिथे विद्यार्थ्यांची यादी वर्णक्रमानं नव्हे, घराण्याच्या प्रतिष्ठेच्या क्रमानं लावत. यादीतल्या जागेवरून बापाच्या सामाजिक पायरीचा अंदाज येतो.

वैद्यकीय संस्थांची सदस्यपत्रंही बघावीत. न्यू जर्सीची संस्था १७६६ ची, मॅसॅच्युसेट्सची १७८१ ची. जेम्स थॅचर या स्वातंत्र्ययुद्धातल्या लष्करी सर्जनानं १८२८ मध्ये अमेरिकन डॉक्टरांची चरित्रं छापली, ती इंटरनेट आर्काइव्हवर फुकट वाचता येतात. वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये डॉ. जोसेफ टोनरनं जमवलेलं डॉक्टरांच्या चरित्रांचं मोठं भांडार आहे. १८०४ ते १९२९ या काळात वारलेल्या अमेरिकन डॉक्टरांची दोन खंडांची सूचीही छापलेली आहे. ही सगळी साधनं दिशा दाखवायला उत्तम. पुरावा म्हणून मात्र जपून, कारण चरित्रं बहुधा शिष्यांनी वा नातलगांनी लिहिलेली, आणि मेलेल्या माणसाबद्दल वाईट कोण लिहितो?

सुईणींना कुणी 'डॉक्टर' म्हणत नसे, पण वंशावळीच्या दृष्टीनं त्यांच्या वह्या सोन्याच्या. मेन प्रांतातल्या हॅलोवेलच्या मार्था बॅलार्डची १७८५ ते १८१२ ची रोजनिशी टिकली आहे. तीत तिनं केलेली ८१६ बाळंतपणं आहेत, आसपासचे डॉक्टरही आहेत. अविवाहित मुलगी बाळंत होत असताना बाप कोण हे विचारून ठेवणं हे त्या काळी सुईणीचं कामच होतं, आणि तिची साक्ष कोर्टात चालायची. चर्चच्या वहीत ही माहिती तुम्हाला क्वचितच मिळेल.

जन्म, लग्न, मृत्यू: आणि तारखांचा घोळ

न्यू इंग्लंडात, म्हणजे मॅसॅच्युसेट्स धरून ईशान्येकडच्या प्रांतांत, गावच्या कारकुनाकडे जन्म-मृत्यूच्या नोंदी असत. मॅसॅच्युसेट्सच्या बऱ्याच गावांच्या १८५० पर्यंतच्या नोंदी छापील पुस्तकांत आल्या आहेत. व्हर्जिनियात नोंदी अँग्लिकन चर्चच्या वहीत. गोरगरिबांच्या औषधपाण्याचे पैसे तिथे चर्चची समिती डॉक्टरला देई, त्यामुळे त्या समितीच्या जमाखर्चातही डॉक्टर भेटतो. दक्षिणेतल्या कित्येक काउंट्यांची न्यायालयं जळाली, त्यामुळे तिकडे धीर जास्त लागतो. पेनसिल्व्हेनियात क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या मासिक सभांची इतिवृत्तं. एका सभेतून दुसरीकडे जाताना मिळणारा दाखला म्हणजे स्थलांतराचा आयता पुरावा.

तारखा उतरवताना सावध. १७५२ पर्यंत इंग्रजी वसाहतींत नवं वर्ष २५ मार्चला लागायचं. म्हणून जानेवारी ते मार्चमधल्या तारखेला दोन सालं लिहिलेली दिसतात. जॉर्ज वॉशिंग्टनचा जन्म ११ फेब्रुवारी १७३१/३२ असा लिहितात तो यामुळे. सप्टेंबर १७५२ मध्ये २ तारखेनंतर एकदम १४ उजाडली आणि अकरा दिवस गळले. क्वेकर लोक महिन्यांना नाव न देता आकडा देत, आणि १७५२ पूर्वी त्यांचा 'पहिला महिना' म्हणजे मार्च. लग्न एप्रिलात आणि पहिलं मूल त्याच सालच्या फेब्रुवारीत असं दिसलं की घाईनं नाक मुरडू नका, आधी दिनदर्शिका तपासा. मूळ कागदावर जसं आहे तसंच उतरवा, आपला अर्थ शेजारी वेगळा लिहा.

थडग्यांबद्दल थोडक्यात. बायकोच्या थडग्यावर 'कॉन्सॉर्ट' असेल तर नवरा तेव्हा हयात होता, 'रेलिक्ट' असेल तर ती विधवा होती. आणि थडगं आहे तिथेच माणूस आधीपासून पुरलेला असेल असं नाही. जोसेफला रणांगणावरून काढून ग्रॅनरी दफनभूमीत नेलं, १८२५ मध्ये सेंट पॉल चर्चमध्ये, आणि पुढे १८५० च्या दशकात फॉरेस्ट हिल्समध्ये.

खरी खाण: प्रोबेट आणि खरेदीखतं

माझं मत विचाराल तर वेळेचा निम्मा हिस्सा इथे घालवा. आपल्याकडे त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायाच्या वहीत जशी पिढ्यांची नावं एका ओळीत सापडतात, तशी अमेरिकेत कुणी मांडून ठेवलेली नाहीत. तिथे नातं उघडं पडतं ते मालमत्तेची वाटणी होते तेव्हा.

माणूस मेला की काउंटीच्या प्रोबेट कोर्टात, म्हणजे वारसाहक्काचं काम बघणाऱ्या कोर्टात, त्याच्या नावाचं पुडकं तयार होई. मृत्युपत्र नसलं तर उलट बरं, कारण मग कोर्टाला सगळे वारस नोंदवावे लागतात. पुडक्यातला एकेक कागद असा वाचा:

- प्रशासकाचा, म्हणजे मालमत्ता निस्तरायला नेमलेल्या माणसाचा, हमीरोखा. खाली दोन जामीनदारांच्या सह्या असतात. ते बहुधा मेहुणा, व्याही किंवा सख्खा शेजारी. ही नावं वहीत वेगळी काढा.
- मालमत्तेची यादी. डॉक्टर असेल तर नश्तर, दात उपटायचा चिमटा, खलबत्ता, औषधाच्या बरण्या, पुस्तकं. पुस्तकांवरून शिक्षण कळतं. यादीत काहीच वैद्यकीय नसेल तर तुम्ही भलत्याच माणसाच्या मागे आहात का, हे तपासा.
- येणं आणि देणं. डॉक्टरची उधारी गावभर पसरलेली असते. ही यादी म्हणजे त्याच्या रुग्णांची यादी.
- पालक नेमणूक. साधारण चौदा वर्षांवरचं मूल आपला पालक स्वतः निवडू शके, त्याहून लहान असेल तर कोर्ट नेमे. त्यामुळे जन्मतारीख नसली तरी वयाचा अंदाज बांधता येतो.
- वाटणी. विधवेला हयातीपुरता एक तृतीयांश. मॅसॅच्युसेट्समध्ये १७८९ पर्यंत, मृत्युपत्र नसेल तर, थोरल्या मुलाला दुप्पट वाटा मिळे. दोन वाटे कुणाला गेले ते बघा, थोरला कोण ते कळेल.

त्यानंतर खरेदीखतं. बापाची शेती विकताना सगळी भावंडं मिळून हक्क सोडत, आणि लग्न झालेल्या बहिणींची नावं नवऱ्यासह येत. डॉक्टर ओहायोला निघून गेला असेल तरी त्याचं नाव आणि नवा पत्ता या खतात येतो. एका खतानं अख्खी पिढी हाती लागते.

रकमा वाचताना लक्षात ठेवा: बारा पेनीचा शिलिंग, वीस शिलिंगांचा पाउंड, आणि मॅसॅच्युसेट्समध्ये १७५० च्या आधीचं जुनं चलन नव्याच्या तुलनेत साडेसातपट हलकं. आजोबा श्रीमंत आणि नातू कंगाल असं वाटायला लागलं तर आधी हा भागाकार करून बघा.

डॉक्टरच्या स्वतःच्या वह्या

जोसेफ वॉरनच्या हिशेबाच्या वह्या बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स हिस्टॉरिकल सोसायटीकडे जपलेल्या आहेत. अशा वह्या दोन तऱ्हेच्या: रोजकीर्द आणि खतावणी. रोजकीर्दीत त्या दिवशीच्या भेटी ओळीनं, खतावणीत प्रत्येक घराचं खातं. खातं घराच्या कर्त्याच्या नावावर असतं, उपचार मात्र 'बायकोला', 'मुलाला', 'नोकराला' असे. पैसे नेहमी पैशांत येत नसत. सरपण, कोंबड्या, दिवसभराची मजुरी, काहीही. डॉक्टर स्वतःच्या नातलगांकडून पैसे घेत होता की नाही, हेही वाचताना टिपून ठेवा. ज्या खात्यात भेटी भरपूर आणि वसुली शून्य, तिथे नातं असण्याचा संभव चांगला.

नको असलेलंही सापडतं. १७७० मध्ये जोसेफनं एक कृष्णवर्णीय गुलाम मुलगा विकत घेतल्याचा कागद आहे. वंशावळ लिहिणारे पुष्कळदा हे पान उलटून पुढे जातात. उलटू नका, कारण त्या मुलाच्या वंशजांना शोधायला दुसरा कागद बहुतेक नाहीच. गुलाम कुटुंबांचा माग मालकाच्या प्रोबेट याद्यांतूनच काढावा लागतो. याच समाजातून डॉक्टरही झाले: जेम्स डरहॅम गुलामीत असताना डॉक्टर मालकांच्या हाताखाली शिकला आणि १७८३ मध्ये न्यू ऑर्लिन्सला स्वतंत्र झाला. न्यूयॉर्कच्या जेम्स मॅक्यून स्मिथला अमेरिकन कॉलेजांनी घेतलं नाही, त्यानं १८३७ मध्ये ग्लासगोहून पदवी आणली. त्यांचा शोध घेताना अमेरिकेबाहेरचं विद्यापीठ विसरून चालणार नाही.

लष्कर आणि पेन्शन

स्वातंत्र्ययुद्धात सर्जन किंवा त्याचा मदतनीस म्हणून काम केलेल्या डॉक्टरची पेन्शन फाइल शोधा. १८१८ आणि १८३२ च्या कायद्यांनी सैनिकांना, १८३६ च्या कायद्यानं विधवांना पेन्शन खुली केली. विधवेला लग्न सिद्ध करावं लागे, म्हणून बायकांनी घरच्या बायबलमधलं जन्म-मृत्यूचं पान फाडून अर्जाला जोडलं. ती पानं आजही फाइलमध्ये आहेत आणि नॅशनल आर्काइव्ह्जच्या कॅटलॉगवर घरबसल्या दिसतात. १८०० साली युद्धखात्याच्या कचेरीला आग लागली, तेव्हा त्याआधीचे अर्ज गेले.

जोसेफची बायको एलिझाबेथ हूटन १७७३ मध्येच वारली होती, त्यामुळे विधवेची फाइल नाही. मग पोरांचं काय झालं? ती मर्सी स्कॉले या जोसेफच्या वाग्दत्त वधूनं सांभाळली. बेनेडिक्ट आर्नल्डनं (हो, तोच, पुढे इंग्रजांना फितूर झालेला अमेरिकन सेनापती) त्यांच्यासाठी ५०० डॉलर दिले. आणि १ जुलै १७८० रोजी काँग्रेसनं ठराव केला की धाकटं मूल सज्ञान होईपर्यंत मेजर जनरलचा अर्धा पगार मुलांना मिळावा. अनाथ मुलांचा माग असा परक्यांच्या पत्रांत आणि सरकारी इतिवृत्तांत लागतो. मोठ्या पुढाऱ्यांची पत्रं 'फाउंडर्स ऑनलाइन' या सरकारी संकेतस्थळावर फुकट शोधता येतात. तुमच्या डॉक्टरचं नाव तिथे एकदा टाकून बघाच.

बायकांकडून जा

जोसेफचा बाप शेतकरी. १७५५ मध्ये सफरचंदाच्या बागेत शिडीवरून पडून गेला. मग मुलांत डॉक्टरकी कुठून आली? आई मेरी स्टीव्हन्स ही रॉक्सबरीच्या डॉ. सॅम्युएल स्टीव्हन्सची मुलगी. फक्त बापाकडून वर जाणाऱ्याला हे कधीच दिसत नाही.

खाली येतानाही बायकाच वाट दाखवतात. जॉननं अबिगेल कॉलिन्सशी लग्न केलं, तिचा बाप ऱ्होड आयलंडचा गव्हर्नर जॉन कॉलिन्स. त्यांचा मुलगा जॉन कॉलिन्स वॉरन, १६ ऑक्टोबर १८४६ रोजी ईथरची भूल देऊन प्रसिद्ध शस्त्रक्रिया करणारा. त्याची बायको सुझन मेसन, सिनेटर जोनाथन मेसनची मुलगी. आणि मुलाचं नाव? जोनाथन मेसन वॉरन. न्यू इंग्लंडात मधलं नाव म्हणजे आईचं माहेर असण्याची शक्यता मोठी. निव्वळ मधल्या नावावरून नातं पक्कं करू नका, पण पुढची फाइल कुठली मागवायची ते त्यावरून नक्की ठरवा.

एकाच नावाची माणसं

मॅसॅच्युसेट्समध्ये वॉरन आडनावाची निदान तीन वेगळी कुटुंबं होती. मेफ्लॉवर जहाजातून १६२० मध्ये आलेला रिचर्ड वॉरन प्लिमथचा. वॉटरटाउनचा जॉन वॉरन १६३० चा. आणि बॉस्टनचा दर्यावर्दी पीटर वॉरन, ज्याचं नाव १६५९ पासून दिसतं. डॉक्टर या पीटरच्या वंशातला. रिचर्डलाही जोसेफ नावाचा मुलगा होताच. त्यावर कहर म्हणजे, डॉक्टर जोसेफ मॅसॅच्युसेट्सच्या प्रांतिक काँग्रेसचा (बंडखोर वसाहतवाल्यांच्या प्रतिनिधिसभेचा) अध्यक्ष होता, आणि त्याच्या मृत्यूनंतर त्या जागी आला जेम्स वॉरन, तो प्लिमथच्या घराण्यातला. एकच आडनाव, एकच खुर्ची, आणि नातं काही नाही.

तोडगा कंटाळवाणा आहे पण चालतो: गावातल्या त्या नावाच्या प्रत्येक माणसाची वेगळी पट्टी करा आणि बायको, जमीन, व्यवसाय, सही, साक्षीदार यांवरून त्यांना वेगळं पाडा. 'ज्युनियर' म्हणजे मुलगाच असं नाही, गावातला त्या नावाचा लहान माणूस एवढाच अर्थ असे. थोरला वारला की ज्युनियरचा सीनियर व्हायचा.

छापील वंशावळींवर किती विसंबायचं

जॉन कॉलिन्स वॉरननं स्वतः १८५४ मध्ये घराण्याची वंशावळ छापली आणि तिची मुळं नॉर्मन सरदारांपर्यंत नेली. माणूस शस्त्रक्रियेत निष्णात होता, म्हणून वंशावळीतही असेल असं नाही. समुद्रापलीकडे जाणाऱ्या प्रत्येक पिढीला कागद मागा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गुस्ताव अंजू नावाचा गृहस्थ श्रीमंत अमेरिकनांना बनावट वंशावळी विकत होता, आणि त्यातली नावं आजही ऑनलाइन वंशवृक्षांत फिरताहेत. 'तीन भाऊ जहाजातून आले' अशी सुरुवात दिसली की पेन्सिलनं प्रश्नचिन्ह काढा.

भारतात बसून काय होतं?

पुष्कळ होतं. फॅमिलीसर्च हे वंशावळीचं संकेतस्थळ फुकट आहे, आणि तिथे आता हस्तलिखित मृत्युपत्रं आणि खरेदीखतं शब्दानं शोधता येतात. त्यामुळे जामीनदार म्हणून कोपऱ्यात सही केलेला तुमचा डॉक्टरही वर येतो. काही कागदांची चित्रं मात्र फॅमिलीसर्चच्या केंद्रात जाऊनच दिसतात. न्यू इंग्लंडसाठी बॉस्टनची १८४५ ची वंशावळ संस्था, तिचं संकेतस्थळ अमेरिकन अँसेस्टर्स. मिशनरी डॉक्टर असेल तर अमेरिकन बोर्ड या मिशनरी संस्थेचं दफ्तर हार्वर्डच्या हॉटन ग्रंथालयात आहे. आनंदीबाई जोशी शिकल्या त्या फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाचं दफ्तर ड्रेक्सेल विद्यापीठाकडे. ग्रंथपालाला लिहिताना एका पत्रात एकच प्रश्न विचारा: नाव, साल, गाव, कुठला कागद हवा. 'घराण्याची सगळी माहिती पाठवा' या पत्राला उत्तर येत नाही.

डीएनए सगळ्यात शेवटी. जोसेफची पुरुषवंशशाखा संपली, पण वाय-डीएनए (जो बापाकडून फक्त मुलग्यांनाच मिळतो) त्याला जिथून मिळाला तिथूनच जॉनलाही. म्हणून जॉनच्या सलग पुरुषशाखेतल्या एखाद्या वंशजाची चाचणी प्लिमथ आणि वॉटरटाउनच्या वॉरनांशी ताडली तर ही घराणी वेगळी की एकच, हा प्रश्न धसाला लागू शकतो. मेरीच्या, म्हणजे न्यूकोम्ब शाखेला या चाचणीचा उपयोग नाही, आणि सर्वसाधारण डीएनए चाचणी इतक्या पिढ्यांपलीकडे भरवशाची राहत नाही. चाचणीआधी त्या व्यक्तीची लेखी संमती घ्या, आणि जिवंत माणसांची नावं ऑनलाइन वृक्षात उघडी ठेवू नका.